पाण्याचा घोट

३ मार्च, रविवार

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

आई आणि मी खुशाल आहोत. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? चिमणीचा पुढचा दात पडल्याचं आईकडून कळलं. तिला सांग, मामा दातांचाच कारागीर असला तरी दुधाचे दात काही करून देत नाही. नवा येईपर्यंत खुशाल बोळकं दाखवत हिंड म्हणावं.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. म्हणूनच हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, मधे कोणी बोलत नाही. फोनवर आपलं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. मी अडखळत 'त' म्हणायचा अवकाश, तू ताकभात ओळखतेस. तू तशी आणि आईही तशीच. लहानपणापासून माझी जीभ एखाद्या अक्षरावर रुतली की तुम्ही दोघी धावत येता आणि वाक्य पुरं करून देता. बहुतेक वेळा बरोबर ओळखता, हे मला मान्य आहे. पण ताई, कधी कधी मला 'तवा' म्हणायचं असतं.

असो. कामाचं लिहितो. वकिलातीकडून मुलाखतीची नवी तारीख आली, येत्या गुरुवारी सकाळी. कागद सगळे तयार आहेत. तिकडच्या लॅबचं नेमणुकीचं पत्र आहे, आमच्या लॅबच्या मास्तरांनी दिलेला अनुभवाचा दाखला आहे. फोटो मात्र पुन्हा पुन्हा काढावे लागले. एकात कान दिसेनात, एकात मागची भिंत पुरेशी पांढरी नाही म्हणे, आणि एकात मी हसलो. फोटोवाला म्हणाला, "व्हिसाच्या फोटोत दात दाखवायचे नसतात." मी त्याला ठणकावून सांगितलं की अरे बाबा, दात हाच तर माझा धंदा आहे! म्हणजे मनातल्या मनात सांगितलं.

तिकडच्या लोकांनी माझं काम फोटोंवरून पाहिलं आणि पसंत केलं. माझा आवाज त्यांनी अजून ऐकलेला नाही. त्यांना चिनी मातीचे थर चढवून दात घडवणारा माणूस हवाय, शेजारच्या खऱ्या दाताशी असा रंग जुळला पाहिजे की आरशालाही कळू नये. ते काम मला येतं. लॅबमध्ये भट्टी लावून बसलो की मला जगात कशाचीच कमी वाटत नाही. पण त्यांनी सभ्य भाषेत कळवलंय की ते आता आणखी थांबू शकत नाहीत. या वेळी नकार आला तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. मला ती हवी आहे, ताई. आजवर मी कधी काही इतकं मागितलं नव्हतं.

मागच्या वेळचं तुला माहीतच आहे. कागद कमी पडले असतील, असं तू म्हणालीस, आईनेही तेच धरलं. असो.

सरावाची गंमत सांगतो. स्वयंपाकघरातून ताटं बाहेर द्यायची ती भिंतीतली खिडकी आहे ना, ती सध्या वकिलात झाली आहे. पलीकडे आई बसते. चष्मा नाकावर, शाल खांद्यावर, चेहरा असा की मला घाम फुटावा. मी पुरता टेकायच्या आत ओरडते, "नेक्स्ट!" मग विचारते, "नाव?" मी तोंड उघडतो, पहिलंच अक्षर 'क', ते घशात अडकतं, आणि साहेबीणबाई स्वतःच माझं नाव सांगून मोकळ्या होतात.

मी म्हटलं, "आई, साहेब उ... उत्तर देत नाहीत गं, ऐकतात."

"अरे, पण मला येतं ना उत्तर!"

तिने मनापासून प्रयत्न केले. ओठ चावून पाहिला, तोंडावर पदर धरून पाहिला. पण मी अडकलो की हिचा जीव वरखाली होतो आणि पदराआडून शब्द बाहेर पडतोच. मूग गिळून बसणं हा तिचा पिंड नाही. शेवटी तिनेच शक्कल काढली. प्रश्न विचारायचा आणि लगेच पाण्याचा मोठा घोट तोंडात धरायचा. माझं उत्तर पुरं होईपर्यंत गिळायचा नाही. पहिल्या दिवशी दोनदा ठसका लागला आणि एकदा माझ्या दाखल्यावर फवारा उडाला. मास्तरांकडून नवा दाखला घ्यावा लागला. त्यांना काय कारण सांगितलं ते विचारू नकोस.

दुसरा सराव बाजारातला. आई मला रोज किराणावाल्याकडे पाठवते आणि मुद्दाम 'क'चंच सामान आणायला सांगते. कापूर, कापूस, कात्री, काकडी, कोबी. हाताने दाखवायचं नाही, चिठ्ठी द्यायची नाही. परवा किराणावाला म्हणाला, "तुमच्याकडे हल्ली बटाटे खात नाहीत का?" ताई, घरात चार कात्र्या झाल्यात आणि आम्ही रोज कोबी खातोय. व्हिसा मिळो न मिळो, कोबी मात्र मला जन्मात नको.

पण एक सांगू? किराणावाला थांबतो. मी 'को... को...' करत उभा असतो आणि तो तराजू हातात धरून नुसता थांबतो. काही बिघडत नाही. हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

काल आईने खिडकीतून विचारलं, "तुम्हाला तिकडे का जायचंय?" आणि घोट भरला. आजवर या प्रश्नाला तीच म्हणायची, "पगार चांगला आहे म्हणून." काल तिला बोलता येईना, म्हणून मलाच बोलावं लागलं. बराच वेळ लागला. मी काय म्हणालो ते आज लिहीत नाही. आई उठली, मोरीपाशी गेली आणि भांडी घासायला लागली. ती सगळी आधीच घासलेली होती.

तू पाठवलेलं कार्ड पोचलं. 'मला बोलताना अडचण येते, कृपया उत्तरे लेखी घ्यावीत,' आणि खाली तुझा फोन नंबर. प्लास्टिकमध्ये घालून वगैरे किती नीट केलंयस. तू येतेस म्हणालीस, पण गुरुवारी येऊ नकोस. प्रवास लांबचा, चिमणीची परीक्षा, आणि आत तर उमेदवाराशिवाय कुणाला सोडतच नाहीत, उन्हात उभं राहावं लागेल. शिवाय भावोजींचा गुडघा. एवढी कारणं पुरेत ना?

भावोजींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
बाबू


८ मार्च, शुक्रवार

ताई,

मिळाला! मिळाला! मिळाला!

तीनदा लिहिलंय, कारण तोंडाने सांगताना 'मि' तीनदा आला होता. 'म' म्हणजे माझं सगळ्यात सोपं अक्षर, पण काल आनंदाने तेही अडलं. मला स्वर्ग दोन बोटं उरलाय. सकाळपासून मी लॅबमध्ये काहीही काम केलेलं नाही. मास्तर म्हणाले, "घरी जा, नाहीतर कुणाच्या तोंडात उलटा दात बसवशील."

आता पहिल्यापासून सांगतो. आणि सगळं सांगतो, कारण परवाच्या पत्रात मी फार ठिकाणी 'असो' म्हणून सटकलोय.

फोन, पिशवी, पाण्याची बाटली, सगळं फाटकाबाहेर आईकडे ठेवून आत गेलो. मोठी खोली, ओळीने खुर्च्या, समोर काचेच्या खिडक्या. लोक परीक्षेच्या आधी पुटपुटतात तसे आपापली उत्तरं पुटपुटत होते. माझ्या शेजारी एक नर्स होती, तीही कामासाठीच निघालेली. तिचा पाय सारखा हलत होता. ती म्हणाली, "तुम्ही किती शांत आहात हो!" मी शांत कसला! मला तिला उत्तर देता येत नव्हतं एवढंच.

त्या खिडक्यांना माइक असतात. आपण जे बोलतो ते अख्ख्या खोलीला ऐकू जातं. मागच्या वेळीही गेलं होतं.

तर मागच्या वेळचं. कागद कमी पडले नव्हते, ताई. कागद पुरे होते. तुला आठवतं, तू माझ्यासाठी उत्तरं बसवली होतीस? एकेक 'क' वेचून काढला होतास. कवळी गेली, कारागीर गेला, कृत्रिम दात गेले. तू एवढी मेहनत घेतलीस आणि उरलं ते वाक्य असं, 'मी दातांच्या दवाखान्यांसाठी सामान बनवतो.' खिडकीशी गेलो तर त्यातल्या 'द'वरच दातखीळ बसली. समोरचा साहेब भला माणूस होता, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. माझे हाल त्याला बघवेनात. त्याने मदत केली. म्हणाला, "दवाखान्यात असता का?" मी मान हलवली. "मदतनीस?" मी पुन्हा मान हलवली. त्याने ताकभात ओळखला आणि मी होहो करत गेलो. कागदावर कुशल कारागीर, खिडकीत दवाखान्यातला मदतनीस. त्याने नकाराचा कागद पुढे केला, आणि ताई, तोही मी मान हलवूनच घेतला.

सवय आहे ही. कुणी शब्द पुढे केला की मी मान डोलावतो, मग तो शब्द चुकीचा का असेना. एकदा मान हलवली की माझी सुटका होते आणि समोरच्याचीही. शाळेत बाईंनी विचारलं होतं, तुला कोणत्या वर्गाला नाव द्यायचंय? मला 'कलेचा वर्ग' म्हणायचं होतं. तू मागून ओरडलीस, "कराटे!" मी मान हलवली आणि वर्षभर मार खाल्ला. 'बाबू' हे नावही तसंच. लॅबमध्ये पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं, 'क' सुटेना, मग घरचं हाक मारायचं नाव सहज तोंडातून निघालं, तेच सांगितलं. मास्तर मला आजही बाबू म्हणतात. दाखल्यावर खरं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, "हा कोण?"

हे मी तुला आधी सांगितलं नाही, कारण तुला दोष लागेल असं वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं? तू जे केलंस ते मायेने केलंस. पण मला वाईट वाटायचं, ताई, खूप वाटायचं, हेही खरं आहे. आता लिहून टाकलं. बरं वाटलं.

कालचं ऐक. माझा नंबर लागला. या वेळी बाई होत्या, आईच्याच वयाच्या, चष्म्याची साखळी गळ्यात. त्यांनी न बघताच विचारलं, "नाव?"

'क' अडकला. माइकमधून माझा 'क... क... क...' सगळ्या खोलीत घुमला, जुनी मोटार सुरू होत नसल्यासारखा. पुटपुटणारे वळून बघायला लागले. आत एक जण म्हणत होता, 'बाबू' म्हण आणि मोकळा हो. पण मला किराणावाला आठवला, हातात तराजू घेऊन उभा. म्हटलं, लागू दे वेळ. आणि नाव निघालं, ताई. माझं, बाबांचं, आडनावासकट, अख्खं. इतक्या माणसांसमोर मी ते पहिल्यांदाच ऐकलं. चांगलं नाव आहे गं माझं.

बाईंनी वर पाहिलं. "काम काय करता?"

पुन्हा 'क'. मी अडकलो. बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "क्लिनिकमध्ये?"

माझी मान खाली जायला लागली. मी सांगितलेलं नसताना, आपली आपण. ती मी मध्येच थांबवली आणि आडवी हलवली. म्हटलं, "नाही."

ताई, कुणी पुढे केलेल्या शब्दाला मी आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. मग म्हणालो, "क... कृत्रिम दात क... करतो. आणि क... कवळ्या. क... कारागीर आहे." एकाच उत्तरात सगळे 'क' परत आणले, तू काढले होतेस तेवढे. बाईंनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला, हाताची घडी घातली आणि ऐकत बसल्या. मग पुढचे प्रश्न झाले. कुठे शिकलात, किती वर्षं करताय, तिकडे नेमकं काय करणार. मी प्रत्येकाला अडखळलो आणि प्रत्येकाचं उत्तर माझंच दिलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "तिथे सगळं नवीन असेल. बोलायला अडचण नाही येणार?"

मी म्हटलं, "येईल. आत्ता थांबलात तसं त्यांनाही थांबावं लागेल."

त्या हसल्या नाहीत, पण चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "पासपोर्ट इथेच ठेवून जा." मला वाटलं, आता पासपोर्टही जप्त झाला! मी तसाच उभा. तेवढ्यात मागच्या रांगेतून ती नर्स ओरडली, "अहो, ठेवून घेतला म्हणजे मिळाला!" आणि सगळ्या खोलीत हशा पिकला. शिपाई दटावायला आला, तोही हसत होता.

मी बाहेर धावलो. फाटकाशी आई उभी होती. तिने मला लांबूनच येताना पाहिलं, बाटली उघडली आणि चटकन एक घोट तोंडात घेतला. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. तिला काय, चेहऱ्यावरूनच कळलं असतं आणि रस्ताभर तिनेच ओरडून सांगितलं असतं. पण ती गाल फुगवून उभी राहिली. मी म्हणालो, "मि..." ती थांबली. "मि..." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंडातलं पाणी तिने धरून ठेवलं होतं. "मिळाला!" आणि ताई, ते सगळं पाणी पहारेकऱ्याच्या चकचकीत बुटांवर. तो म्हणाला, "अहो काकू!" आईने त्याच्याच गळ्यात पडून रडून घेतलं. मग माझ्या.

आता ते राहिलेलं उत्तर. तिकडे का जायचंय, असं आईने विचारलं होतं ना? मी म्हणालो होतो, "तिथे मला कुणी ओळखत नाही. तिथे माझं नाव पहिल्या दिवशी मीच सांगेन." भांडी घासून झाल्यावर आई पुन्हा खिडकीशी आली होती. म्हणाली, "मला वाटायचं, तुझं सगळं मला कळतं." आणि मग एकदम साहेबीणबाई होऊन, "नेक्स्ट!"

तुझ्या कार्डावर राग नाही बरं. ज्याला त्याचा आधार वाटेल त्याने ते जरूर वापरावं. मला मात्र या वेळी बोलायचं होतं. आईने ते खिडकीच्या फटीत पाचर म्हणून ठोकलंय, आणि इतकी वर्षं खडखडणारी ती खिडकी गप्प झाली आहे. तिकडच्या लॅबला फोन करून माझ्याबद्दल आधी कल्पना देतेस असं म्हणत होतीस, तेही नको. त्यांना मीच कळेन, हळूहळू.

मला निरोप द्यायला तुम्ही सगळे येणार हे मी धरून चाललोय. कोबी करणार नाही. तू प्रवासातून दमून येशील, आई तुला पाण्याचा पेला देईल. तहान लागली असली तरी गिळू नकोस. एक मोठा घोट तोंडात धर, माझ्यासमोर बस आणि नुसत्या डोळ्यांनी विचार, "नाव काय रे तुझं?" मग थांब. मी सांगेपर्यंत थांब.

भावोजींना नमस्कार. चिमणीला सांग, मामाला 'नाही' म्हणता येतं.

तुझा धाकटा भाऊ,


(खाली 'बाबू' लिहायचं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. नाव लिहायला काय, कुणीही लिहील. तू आलीस की तोंडाने सांगतो.)